डोकं हललं की वय बदलतं: सेंट लुईसच्या प्रयोगशाळेतलं एक प्रकरण

मुलांच्या मेंदूच्या वाढीवर काम करणाऱ्या संशोधकाच्या मागे एक अडचण कायमची लागलेली असते. मूल जितकं लहान, तितकं ते एमआरआय स्कॅनरमध्ये जास्त हलतं. त्यामुळे वयाबरोबर मेंदूत काय बदलतं हे मोजायला बसलं, की वयाबरोबर मान किती स्थिर होते हेही त्याच आकड्यात मिसळून येतं. ही भेसळ किती महागात पडू शकते याचं सर्वांत स्वच्छ नोंदलेलं प्रकरण अमेरिकेत, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत घडलं. त्यात लबाडी नाही, आणि त्या काळच्या मापाने पाहिलं तर हलगर्जीपणाही नाही. २००७ ते २०१० या काळात एका चांगल्या प्रयोगशाळेने मोठा निष्कर्ष उभा केला. २०१२ मध्ये त्याच प्रयोगशाळेने त्याचा पाया उकरून पाहिला. त्यातलं काय टिकलं आणि काय गेलं याचा हिशेब लागायला मात्र २०१९ उजाडलं.

प्रयोगशाळा दोघांची होती. स्टीव्हन पीटरसन हे मेंदूच्या प्रतिमांच्या शास्त्रातले जुने जाणते. १९८८ मध्ये पेट स्कॅन वापरून एकेक शब्द वाचताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात हे दाखवणाऱ्या गटातले. ब्रॅडली श्लॅगर हे बालमेंदूविकारतज्ज्ञ. शाळकरी मुलं आणि प्रौढ माणसं शब्द हाताळताना मेंदूचे भाग वेगवेगळे वापरतात का, हा त्यांचा २००२ मधला निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. या दोघांच्या हाताखाली डेमियन फेअर, निको डोसेनबाख आणि नंतर जोनाथन पॉवर तयार झाले. या प्रकरणातली बहुतेक नावं याच एका घराण्यातली आहेत, आणि प्रकरण समजायला ही गोष्ट महत्त्वाची आहे.

निष्कर्ष काय होता

मुलांचा मेंदू एफएमआरआयने (रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावरून मेंदूचं काम टिपणाऱ्या स्कॅनने) तपासण्यात आधी एक जुनी अडचण होती. मुलाला काम दिलं की ते प्रौढापेक्षा हळू करतं आणि चुकतंही जास्त. मग दिसणारा फरक मेंदूच्या वाढीचा की कामातल्या चुकांचा, हे सुटं करता येत नाही. विश्रांत अवस्थेतल्या एफएमआरआयने ही अडचण बाजूला सारली. १९९५ मध्ये भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं की माणूस काहीही न करता पडून असला, तरी डाव्या आणि उजव्या मोटर कॉर्टेक्समधला (हालचाल चालवणाऱ्या भागातला) संदेश एकमेकांच्या तालावर हळूहळू वर-खाली होत असतो. हा ताल किती जुळतो हे सहसंबंधाच्या आकड्याने मोजायचं, आणि जुळणी जास्त असेल तर त्या दोन भागांत ‘कार्यात्मक जोडणी’ आहे असं म्हणायचं. मुलाला एवढंच सांगायचं: पडद्यावरच्या क्रॉसकडे बघत पडून राहा. मुलांवर काम करणाऱ्यांना हे वरदानच वाटलं.

फेअर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘पीएनएएस’मध्ये आणि २००९ मध्ये ‘पीएलओएस कम्प्युटेशनल बायॉलॉजी’मध्ये जे मांडलं त्याचा गाभा असा: लहान मुलांत जवळजवळचे भाग एकमेकांशी घट्ट जोडलेले असतात आणि लांबचे सैल. वय वाढतं तशा जवळच्या जोडण्या ढिल्या होतात आणि लांबच्या पक्क्या होत जातात. ‘स्थानिकाकडून विखुरलेल्याकडे’ असं त्याचं सूत्र झालं.

२०१० मध्ये डोसेनबाख आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये पुढची पायरी गाठली. ७ ते ३० वयोगटातले २३८ स्कॅन, प्रत्येकी जेमतेम पाच मिनिटांची विश्रांत नोंद. मेंदूतली १६० ठिकाणं निवडली, म्हणजे जोड्या झाल्या १२,७२०. या जोड्या संगणकाला शिकवून एकेका माणसाचं मेंदूचं वय काढलं. वयानुसार येणाऱ्या परिपक्वतेच्या वक्राने नमुन्यातली ५५ टक्के विविधता (माणसामाणसांतला फरक) समजावली. अंदाजाला सर्वांत जास्त हातभार लावणारी गोष्ट कोणती? प्रौढ मेंदूतल्या मोठ्या जाळ्यांच्या (एकत्र काम करणाऱ्या भागांच्या गटांच्या) मधल्या, कमी अंतराच्या जोडण्यांचं ढिलं होणं.

हे सगळ्यांना पटलं, कारण ते आधीच्या जीवशास्त्राशी चोख जुळत होतं. बालपणी सिनॅप्स (मज्जापेशींमधले जोड) गरजेपेक्षा जास्त तयार होतात आणि पुढे छाटले जातात, हे पीटर हटनलोकर यांच्या १९७९ पासूनच्या मोजणीतून माहीत होतं. लांबच्या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त थराचं आवरण विशीपर्यंत चढत राहतं, हेही. जवळचं छाटलं जातं आणि लांबचं पक्कं होतं, या दोन्हींना एफएमआरआयने दुजोरा दिल्यासारखं झालं. निष्कर्ष आपल्या अपेक्षेशी इतका नीट जुळला, की यंत्राकडे संशयाने बघावं असं सहसा कुणाच्या मनात येत नाही.

हालचालीचं काय केलं होतं

काहीच केलं नव्हतं, असं अजिबात नाही. तेव्हा सगळीकडे जे केलं जायचं ते सगळं केलेलं होतं. आधी प्रत्येक फ्रेममधलं, म्हणजे दर दोन-तीन सेकंदांनी निघणाऱ्या एकेका प्रतिमेतलं, डोकं फिरवून-सरकवून पहिल्या फ्रेमवर बसवायचं. डोकं म्हणजे आकार न बदलणारा घट्ट ठोकळा असं धरलं की सहा आकडे निघतात: तीन सरकण्याचे, तीन फिरण्याचे. मग हे सहा आकडे आणि त्यांचे फरक प्रत्येक व्हॉक्सेलच्या (प्रतिमेतल्या एकेका छोट्या घनाच्या) संदेशातून रिग्रेशनने, म्हणजे त्यांच्याशी जुळणारा भाग हिशेबाने काढून, वजा करायचे. शेवटी फार हललेली मुलं गाळायची आणि उरलेल्यांत मुलं-प्रौढ गटांची एकूण हालचाल तुल्य आहे ना ते बघायचं.

तिन्ही पायऱ्यांत भोकं आहेत.

पहिलीत प्रतिमा जागेवर येते, संदेश येत नाही. एफएमआरआयमध्ये मेंदूचे काप, म्हणजे पातळ थर, एकामागून एक रेडिओ लहरींनी उत्तेजित केले जातात. डोकं मध्येच सरकलं, तर एखाद्या कापात मेंदूचा असा भाग येतो ज्याला आधीची उत्तेजना वेगळ्या वेळी मिळालेली असते. त्याचं चुंबकत्व अजून स्थिर पातळीवर आलेलं नसतं, म्हणून त्याचा उजळपणा चुकीचा येतो. नंतर प्रतिमा कितीही नीट बसवली तरी ही चूक आत राहतेच, आणि पुढच्या काही फ्रेममध्ये रेंगाळते.

दुसरीत रिग्रेशन असं धरून चालतं की जितकी हालचाल तितका बिघाड, सरळ प्रमाणात आणि त्याच क्षणी. प्रत्यक्षात बिघाड सरळ प्रमाणात नसतो. त्याच दिशेला तितकंच डोकं दोनदा हललं तरी परिणाम वेगळा येऊ शकतो, कारण काप कुठल्या क्षणी घेतला जात होता त्यावर तो ठरतो. शिवाय काही बिघाड हालचाल थांबल्यावर दहा सेकंदांहून जास्त टिकतो.

तिसरी पायरी सर्वांत फसवी. एकूण हालचाल बहुतेक वेळा मूळ जागेपासूनच्या अंतराने मोजली जायची. एखादा प्रौढ पाच मिनिटांत हळूहळू एक मिलिमीटर खाली घसरला, तर त्याचा आकडा मोठा येतो, पण एका फ्रेमहून दुसऱ्या फ्रेममध्ये फरक नगण्य, त्यामुळे बिघाड कमी. एखादं मूल जागच्या जागी दर वीस सेकंदांनी झटका देतं आणि परत तिथेच येतं. त्याचा आकडा छोटा, बिघाड मात्र भरपूर. कागदावर दोघे तुल्य दिसतात. गट ‘जुळवले’ असं लिहिता येतं, आणि ते खोटंही नसतं.

जवळचं घट्ट, लांबचं सैल असं का दिसतं

प्रकरणाचं मर्म इथे आहे. हालचालीने नुसता गोंगाट वाढला असता, तर सगळेच सहसंबंध कमी झाले असते आणि निष्कर्ष फक्त पुसट झाला असता. पण हालचालीचा बिघाड जागेनुसार विभागलेला असतो.

पाठीवर झोपलेल्या मुलाचं डोकं मागच्या बाजूने उशीवर टेकलेलं असतं. त्याने हनुवटी किंचित खाली घेतली, की मागचा भाग जवळपास जागेवर राहतो आणि कपाळाकडचा भाग जास्त सरकतो. शेजारशेजारचे दोन व्हॉक्सेल जवळपास सारखेच सरकतात, म्हणून त्यांच्या संदेशात सारखाच खोटा चढउतार येतो आणि त्यांचा सहसंबंध वाढतो. कपाळ आणि मागचा भाग यांच्यात मात्र वेगवेगळा चढउतार येतो, कधी उलट दिशेचाही. त्यांचा सहसंबंध घटतो. थोडक्यात, हललेल्या डोक्यात जवळच्या जोडण्या घट्ट आणि लांबच्या सैल दिसतात. ‘लहान मुलांचा मेंदू असा असतो’ असं ज्याला म्हटलं जात होतं, त्याची आणि हललेल्या मेंदूची ठेवण एकच आहे.

पॉवर, बार्न्स, स्नायडर, श्लॅगर आणि पीटरसन यांचा निबंध २०१२ मध्ये ‘न्यूरोइमेज’मध्ये आला. त्यांची युक्ती साधी होती. कुठलंही नवं गणित न आणता हललेल्या फ्रेम तेवढ्या काढून टाकायच्या आणि सहसंबंध पुन्हा काढायचे. काढण्याआधी आणि काढल्यानंतरचा फरक दोन ठिकाणांमधल्या अंतरासमोर मांडला, तर ठिपक्यांचा ढग तिरका दिसला: फ्रेम काढल्यावर कमी अंतराच्या जोडण्यांचा सहसंबंध घटला, लांबच्यांचा वाढला. वय तेच, मुलं तीच, आणि तरी त्यांचा मेंदू ‘मोठा’ दिसायला लागला. तेवढ्याच फ्रेम कुठूनही उचलून काढल्या तर असा कल दिसत नाही, हेही तपासलं होतं. आमच्या आधीच्या निष्कर्षांत यामुळे बदल होतो, असं निबंधाच्या सारांशातच लिहिलं. गेल्या पाच वर्षांतला आपला सर्वांत आवडता निष्कर्ष यंत्राची करामत निघाला, अशा अर्थाचं पीटरसन तेव्हा पत्रकारांशी उघडपणे बोलले होते.

त्याच वर्षी, त्याच नियतकालिकात आणखी दोन गट स्वतंत्रपणे याच मुद्द्यावर आले: हार्वर्डकडचे व्हॅन डाइक, साबुंचू आणि बकनर, आणि पेनसिल्व्हेनियाचे सॅटरथ्वेट व सहकारी. तीन गटांनी एकाच सुमारास सांगितल्यामुळे हा एका प्रयोगशाळेचा घरगुती घोळ आहे असं म्हणायची सोय राहिली नाही. ऑटिझमवर काम करणाऱ्यांनाही घाम फुटला. ऑटिझममध्ये जवळच्या जोडण्या जास्त आणि लांबच्या कमी असतात अशी मांडणी त्या दशकात जोरात होती, आणि ऑटिझम असलेली मुलं स्कॅनरमध्ये सरासरीने जास्त हलतात.

एफडीचा हिशेब

पॉवर यांच्या निबंधातून रूढ झालेलं माप म्हणजे फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट, सगळे एफडी म्हणतात. एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत सहाही आकड्यांत किती फरक पडला ते घ्यायचं, चिन्ह सोडून द्यायचं आणि बेरीज करायची. फिरण्याचे आकडे अंशांत असतात. ते ५० मिलिमीटर त्रिज्येच्या गोलावरच्या कंसाच्या लांबीत बदलायचे. मेंदूच्या बाहेरच्या थरापासून डोक्याच्या मध्यापर्यंतचं अंतर सरासरी साधारण तेवढं असतं म्हणून ५०.

समजा मूल ०.०५, ०.०४ आणि ०.०६ मिलिमीटर असं तीन दिशांना सरकलं आणि मान फक्त ०.१ अंश झुकली. सरकण्याची बेरीज ०.१५. ०.१ अंशाचा ५० मिलिमीटर त्रिज्येवरचा कंस ०.०८७. एफडी झाला ०.२३७ मिलिमीटर. स्कॅनरच्या खोलीत उभं राहून बघणाऱ्याला हे मूल पुतळ्यासारखं पडलेलं दिसेल. तरीही ती फ्रेम आजच्या ०.२ मिलिमीटरच्या मर्यादेत बसत नाही.

२०१२ च्या निबंधात मर्यादा सैल होती, ०.५ मिलिमीटर, तिच्या जोडीला डीव्हार्स नावाचं दुसरं माप, म्हणजे सगळ्या मेंदूतला संदेश मागच्या फ्रेमपेक्षा एकंदर किती टक्के बदलला. दोन्ही ओलांडली तर फ्रेम बाद, आणि तिच्या आधीची एक व नंतरच्या दोनही बाद. २०१४ पर्यंत त्याच गटाला कळलं की ०.५ ने भागत नाही, ०.२ पर्यंत खाली यावं लागतं.

याची किंमत मोजून बघा. २.५ सेकंदांना एक फ्रेम या दराने पाच मिनिटांत १२० फ्रेम मिळतात. मुलाने सुटे सुटे १५ झटके दिले आणि प्रत्येक झटक्यामागे चार फ्रेम गेल्या, तर ६० फ्रेम गेल्या. निम्मी नोंद कचऱ्यात. उरलेल्या अडीच मिनिटांवर सहसंबंध काढला तर तो डळमळीत येतो, म्हणून किमान पाच मिनिटं शुद्ध नोंद हवी असा दंडक पुढे रुळला. पाच मिनिटांच्या स्कॅनमधून पाच मिनिटं शुद्ध नोंद फक्त पुतळाच देऊ शकतो.

प्रक्रियेचा क्रमही इथे आडवा येतो, आणि नवशिके इथे हमखास अडकतात. संदेशातला ०.००९ ते ०.०८ हर्ट्झचा, म्हणजे फार मंद चढउतारांचा, पट्टा ठेवून बाकी गाळायचं असतं. हा पट्टा-गाळणी आधी केली आणि खराब फ्रेम नंतर काढल्या, तर गाळणीने झटक्याचे तरंग आजूबाजूच्या चांगल्या फ्रेमवर आधीच पसरवलेले असतात. म्हणून खराब फ्रेम आधी खुणावायच्या, त्यांना सोडून रिग्रेशन करायचं, त्या जागी गणिताने भर घालायची, मग गाळणी लावायची, आणि भर घातलेल्या फ्रेम शेवटी पुन्हा काढून टाकायच्या. संपूर्ण मेंदूचा सरासरी संदेश वजा करण्यावरून या क्षेत्रात वर्षानुवर्षं भांडणं झाली आहेत. सिरिक आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १४ पद्धती शेजारी ठेवून तपासल्या, तेव्हा दिसलं की सरासरी संदेश वजा केल्याने हालचालीशी असलेला एकंदर संबंध चांगलाच घटतो, पण अंतरानुसारचा तो तिरका कल मात्र उघडा पडतो. म्हणजे वजाबाकी करायचीच असेल तर फ्रेम गाळणंही हवं. एकावर भागवण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो.

मूल स्कॅनरमध्ये जाण्याआधी

नंतर धुण्यापेक्षा आधी मळू न देणं बरं, हे सगळ्यांनाच पटलं. दवाखान्यात लहान मुलाचा एमआरआय काढताना झोपेचं औषध किंवा भूल देतात. निरोगी मुलाला निव्वळ संशोधनासाठी ती देणं नैतिक समित्यांना मान्य नसतं, आणि औषधाने मेंदूचे ताल बदलतात ते वेगळंच.

म्हणून बहुतेक प्रयोगशाळांत नकली स्कॅनर असतो: चुंबक नसलेला सांगाडा, सरकती गादी, ध्वनिमुद्रित ठकठकाट. मुलाच्या कपाळाला हालचाल टिपणारा सेन्सर लावतात आणि समोर कार्टून सुरू करतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे डोकं हललं की कार्टून थांबतं. मूल हे फार लवकर शिकतं. आईबाप ‘हलू नकोस’ म्हणून दहा वेळा सांगतात त्यापेक्षा थांबलेलं कार्टून जास्त कामाचं. खऱ्या स्कॅनच्या दिवशी लघवीला पाठवणं, केसांच्या क्लिपा आणि धातूची बटणं काढणं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम नीट ठासणं, पायांवर जड पांघरूण टाकणं. कपाळावरून आडवी वैद्यकीय चिकटपट्टी लावली तर ती डोकं धरून ठेवत नाही; पण त्वचा ओढली गेली की मुलाला आपण हललो हे कळतं. डोक्याच्या मापाचे खास साचे करून बघितले गेले, पण त्यांचा फायदा पुढच्या तपासणीत सगळ्यांना मिळाला नाही.

दोन नोंदींच्या मध्ये मुलाशी इंटरकॉमवर बोलावं लागतं. बोलताना जबडा हलतो, डोकं नव्या जागी बसतं. त्यामुळे ‘ठीक आहेस ना?’ला अंगठा वर करून उत्तर द्यायचं, हे आधीच शिकवलेलं बरं.

डीआना ग्रीन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५ ते १५ वयाच्या मुलांवर दोन उपाय तपासले: चित्रपट दाखवणं आणि हललं की लगेच पडद्यावर कळवणं. दोन्हींनी हालचाल कमी झाली, पण मुख्यतः दहा वर्षांखालच्या मुलांत. मोठ्यांत फारसा फरक नाही. यात एक गोम आहे. चित्रपट बघणारा मेंदू आणि क्रॉसकडे बघणारा मेंदू यांच्या जोडण्या वेगळ्या असतात. लहानांना चित्रपट आणि मोठ्यांना क्रॉस असं केलं, तर हालचालीची भेसळ काढून दुसरी भेसळ घातल्यासारखं होतं. द्यायचं तर सगळ्यांना तेच द्यायचं.

माणसांचं पुढे काय झालं

आपलाच गाजलेला निष्कर्ष आपल्याच घरातून मोडला गेला, तर तरुण संशोधकाची कारकीर्द संपते असा समज असतो. इथे तसं झालं नाही, आणि त्याचं कारण भाबडा प्रामाणिकपणा एवढंच नाही. हालचाल ही अडचण या गटाला इतरांआधी आणि इतरांपेक्षा खोलवर कळली, आणि त्यांनी तिलाच कामाचा विषय केलं.

फेअर ओरेगॉन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीत गेले. एडीएचडीच्या (लक्ष टिकत नाही, चुळबूळ जास्त, अशा विकाराच्या) मुलांवरच्या त्यांच्या २०१३ मधल्या निबंधात सूक्ष्म हालचालींचा बंदोबस्त केल्याचं शीर्षकातच लिहिलेलं होतं. डोसेनबाख वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतच राहिले. दोघांनी मिळून २०१७ मध्ये ‘फर्म’ नावाची प्रणाली मांडली. स्कॅन चालू असतानाच ती प्रत्येक फ्रेमचा एफडी काढते, आतापर्यंत किती मिनिटं शुद्ध नोंद जमली हे तंत्रज्ञाला दाखवते आणि आणखी किती वेळ लागेल याचा अंदाज देते. त्याआधी सगळे ‘जास्तीचं घेऊन ठेवा, बघू नंतर’ या हिशेबाने चालत. शांत मुलालाही वीस मिनिटं ठेवायचं, आणि हलणाऱ्या मुलाची वीस मिनिटं संपल्यावर आठवड्याने कळायचं की हाती काहीच लागलेलं नाही. ‘फर्म’मुळे स्कॅनचा वेळ आणि खर्च निम्म्याहून जास्त वाचू शकतो असा त्यांचा दावा आहे. या प्रणालीत दोघांचा आर्थिक हितसंबंध आहे आणि तो त्यांनी जाहीर केलेला आहे, हे वाचताना ध्यानात ठेवावं. फेअर २०२० मध्ये मिनेसोटा विद्यापीठात गेले आणि त्याच वर्षी त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. श्लॅगर २०१८ पासून बाल्टिमोरच्या केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटचे प्रमुख झाले.

मोठ्या प्रमाणावर याचा वापर ‘एबीसीडी’ या अमेरिकी अभ्यासात दिसतो. २०१६ मध्ये सुरुवात, २१ केंद्रं, ९-१० वर्षांची ११,८०० हून अधिक मुलं, विश्रांत नोंद पाच-पाच मिनिटांच्या चार तुकड्यांत. तिथे नवीच गंमत निघाली. तिथला स्कॅन वेगवान, ०.८ सेकंदांना एक फ्रेम. एवढ्या वेगाने मोजलं की श्वासही दिसायला लागतो. छाती फुगली की चुंबकक्षेत्र किंचित बदलतं आणि डोकं न हलताही प्रतिमा एका ठरावीक दिशेने सरकल्यासारखी दिसते. त्यामुळे एफडी फुगतो आणि चांगल्या फ्रेम विनाकारण बाद होतात. उपाय म्हणून हालचालीच्या आकड्यांतून ०.३१ ते ०.४३ हर्ट्झचा पट्टा, म्हणजे मिनिटाला साधारण १९ ते २६ श्वासांचा भाग, काढून मग एफडी काढतात. जुनी ०.२ ची मर्यादा नव्या स्कॅनवर जशीच्या तशी लावणं हा आजही सर्रास आढळणारा घोळ आहे.

२०१९ चा हिशेब

मग २०१० च्या अंदाजाचं काय? तो पूर्णपणे हालचालीवरच चालत होता का?

अ‍ॅशली नील्सन आणि सहकाऱ्यांनी, त्यात ग्रीन, डोसेनबाख, पीटरसन आणि श्लॅगरही होते, २०१९ मध्ये ‘सेरेब्रल कॉर्टेक्स’मध्ये हेच तपासलं. हालचालीचा बिघाड कडकपणे काढून टाकल्यावरही जोडण्यांतली ५७ टक्के विविधता वयाने समजावली, आणि उरलेल्या हालचालीने फक्त ४ टक्के. नीट न धुतलेल्या माहितीत मात्र हालचालीने ५० टक्के समजावली होती. म्हणजे मेंदूच्या जोडण्यांवरून वय ओळखता येतं, हा दावा टिकला. पडलं ते स्पष्टीकरण. जोडणी जवळची की लांबची याने अंदाजात काही फरक पडत नव्हता. अंदाज चालत होता तो मेंदूभर पसरलेल्या, वेगवेगळ्या जाळ्यांतल्या आणि त्या त्या माणसात ठामपणे दिसणाऱ्या जोडण्यांवर. सिनॅप्सची छाटणी आणि मायलिन या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. पण या स्कॅनमध्ये त्या दिसत आहेत असं जे वाटलं होतं, ते दिसत नव्हतं. सॅटरथ्वेट यांच्या गटानेही २०१३ मध्ये असंच मधलं चित्र दिलं होतं: हालचाल आवरल्यावर वाढीचे परिणाम बरेच फिके पडतात, नाहीसे होत नाहीत.

या प्रकरणावर वर्गात बोलताना बरेच शिक्षक ‘निष्कर्ष खोटा ठरला’ एवढंच सांगून मोकळे होतात. ते अर्धवट आहे. अचूक अंदाज आणि त्याचं कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि १२,७२० जोड्या हाताशी असल्या की चुकीच्या कारणानेही अंदाज बरोबर येऊ शकतो. असा निबंध छापण्याआधी तपासणाऱ्या परीक्षकाने विचारायला हवा तो प्रश्न असा: वयाचा अंदाज काढणाऱ्या याच पद्धतीला वयाऐवजी सरासरी एफडी ओळखायला सांगितलं तर तो किती बरोबर येतो? नुसतं ‘हालचालीचा बंदोबस्त केला’ हे वाक्य पुरत नाही. मर्यादा किती, किती मुलं बाद झाली, उरलेल्यांत वय आणि एफडी यांचा सहसंबंध अजून किती आहे, आणि अंतरासमोरचा तो ठिपक्यांचा ढग सपाट झाला का, हे चार आकडे हवेत.

बाद करण्याचीही किंमत आहे. जास्त हलणारी मुलं यादृच्छिक नसतात. त्यांत वयाने लहान, एडीएचडीची लक्षणं जास्त असलेली, गरीब घरची मुलं जास्त असतात. हालचालीची खोड काही अंशी आनुवंशिक असल्याचंही जुळ्यांच्या अभ्यासांत दिसलं आहे. मर्यादा जितकी कडक, तितका उरलेला गट शांत, सुस्थितीतल्या मुलांकडे झुकतो. एडीएचडीच्या अभ्यासातून सर्वांत जास्त हलणारी मुलं काढून टाकली, तर नेमका ज्यांचा अभ्यास करायचा तीच मुलं बाहेर जातात. यावर स्वच्छ तोडगा अजून निघालेला नाही. वजनं देऊन गट पुन्हा तोलता येतो, किंवा हलणाऱ्या मुलाला दोन-तीनदा बोलावून तुकड्या-तुकड्यांनी पाच मिनिटं जमवता येतात. दुसरा उपाय महाग आहे, पण चांगला आहे.

पुढची अडचण बाळांची. अमेरिकेत आता जन्मापासून मुलांचा पाठपुरावा करणारा ‘एचबीसीडी’ हा अभ्यास सुरू आहे. तान्ह्या बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, कानांवर मऊ टोप्या चढवून झोपेतच स्कॅन करतात. झोपलेलं बाळ शाळकरी मुलापेक्षा कमी हलतं, त्यामुळे एफडी छान येतो. पण तेच मूल काही वर्षांनी जागेपणी स्कॅन होणार, आणि झोपेत मेंदूच्या जोडण्या जागेपणापेक्षा वेगळ्या असतात. इथे वयाबरोबर हालचालीच्या जोडीला झोप-जागही बदलत जाते, आणि ती मोजायला एफडीसारखं सोपं माप नाही.